बंबाचे पाणी लवकर कसे तापते?

श्रीगोंद्याकडे थंडीत आपण काही घरी अजून बंब पेटलेला पाहतो. बंबाच्या मधोमध नळी असते. नळीत जाळ, भोवती पाणी. म्हणून थोड्या काटक्यांत पाणी कढत होते. चुलीवर हंडा ठेवला, तर बराच जाळ बाजूने निसटतो.

बंब तांब्याचा का? तांब्यातून उष्णता लोखंडापेक्षा सुमारे ५ पट सहज वाहते. पण तांबे कितीही चांगले असो, नळीला आतून काजळी धरली, बाहेरून जड पाण्याचे पांढरे पूट चढले, की उष्णता अडते. जळण फुकट जाते. म्हणून आपण नळी साफ ठेवू या.

आधी पाणी भरावे, मग जाळ करावा. रिकामा बंब तापला, तर सांधे सुटतात. बंद न्हाणीत बंब पेटवू नये. जाळाचा विषारी वायू दिसत नाही, पण जीव घेतो.