स्वप्नातील प्याला

दारू सोडून चार महिने झालेला एक तरुण फजरच्या जमातीतून अचानक दिसेनासा झाला. आठवडाभराने त्याच्या घरी गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "मौलाना, झोपेत प्यालो. चव जिभेवर होती. आता चाळीस दिवस नमाज कबूल नाही. मशिदीत येऊन काय करू?"

झोपेतील कृतीची नोंदच होत नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ज्या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे असे आदरणीय प्रेषित (स.) यांनी सांगितले, त्यांत जागा होईपर्यंत झोपलेला माणूस आहे (अबू दाऊद). रमजानमध्ये दुपारी झोपेत कोणी पोटभर जेवला, तर त्याचा रोजा मोडत नाही. मग स्वप्नातल्या घोटाने तौबा कशी मोडेल? चाळीस दिवसांची हदीस जागेपणी पिणाऱ्यासाठी आहे. त्याच्यावरूनही नमाजचे फर्ज उतरत नाही, आणि त्याच हदीसमध्ये तौबा स्वीकारली जाण्याचे आश्वासनही आहे. अर्धी हदीस ऐकून मशीद सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

अशी स्वप्ने पडण्याचे कारण शरीरातही आहे. दारू झोपेतील स्वप्नांचा टप्पा दडपते. ती सुटली की तो उसळून येतो आणि स्वप्ने अधिक ठळक होतात. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत: अल्लाहकडील शुभवार्ता, सैतानाने दिलेले दुःख आणि माणसाचे स्वतःशी चाललेले बोलणे. प्याल्याचे स्वप्न शुभवार्ता नव्हे, म्हणून त्याची ताबीर विचारत हिंडू नये.

वाईट स्वप्न पडल्यास डावीकडे तीनदा हलके थुंकावे, अल्लाहचा आश्रय मागावा, कूस बदलावी, उठून नमाज पढावी आणि ते कोणाला सांगू नये, अशी शिकवण आहे. मग व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाशी बोलायचे की नाही? येथे हजरत अबू सलमा (रह.) यांचा प्रसंग उपयोगी पडतो. स्वप्नांमुळे ते आजारी पडत. हजरत अबू कतादा (रजि.) यांची भेट झाली, तेव्हा आपलीही पूर्वी तीच अवस्था होती, असे त्यांनी सांगितले आणि वरील हदीस ऐकवली. स्वप्नात काय दिसले, हे त्या कथनात कोठेच नाही. त्रास मात्र आहे. माझ्या मते हाच मार्ग आहे. स्वप्नातील मैफलीचे वर्णन मित्रांत करू नये. पण स्वप्ने पडतात, उठल्यावर तलफ येते, हे समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना अवश्य सांगावे. कारण स्वप्नाचा गुन्हा नसला तरी सकाळची तलफ खरी असते. त्या वेळी अंथरुणात लोळत राहू नये. वुजू करून माणसांत यावे.

त्या तरुणाच्या पत्नीलाही मी एक गोष्ट सांगून आलो. तो रात्री दचकून उठला, तर त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. दिवा लावा, पाणी द्या आणि फजरला किती वेळ आहे तेवढे सांगा.