सोसायटीच्या एका वर्षात दोन रमजान

मोहल्ल्यातील एखादी छोटी वेल्फेअर सोसायटी घ्या. सभासद शिंपी, वेल्डर, फळविक्रेते. काम म्हणजे मुलांची फी, विधवांना शिधा, एखाद्याचे ऑपरेशन. वार्षिक सभेत सेक्रेटरी साहेब ‘यंदा जमा वाढली’ असे सांगतात, आणि सभा अल्हम्दुलिल्लाह म्हणून आणखी चार मुलांची फी मंजूर करते. आमचे म्हणणे एवढेच, मंजुरीआधी तारखा पाहाव्यात.

हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. देणारा मात्र हिजरी वर्षाने देतो आणि ते १०-११ दिवसांनी लहान आहे. २०२४ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता, म्हणजे एकविसावा १ एप्रिलला. ज्यात हात सर्वात मोकळा असतो तो शेवटचा अशरा सबंध २०२४-२५ च्या वहीत गेला. पुढचा रमजान २ मार्च २०२५ ला लागला, ३१ मार्चला ईद झाली. तोही त्याच वहीत!

समजा, एप्रिल २०२४ मध्ये १,१०,००० रुपये आले, मार्च २०२५ मध्ये १,६०,००० आणि वर्गणी ५०,०००. एकूण ३,२०,०००. पण २०२५-२६ च्या वहीत रमजान एकच, फेब्रुवारी-मार्च २०२६ चा. देणारे तेच राहिले तर जमा २,१०,०००. वाढीव चार मुलांची फी जूनमध्ये कोठून भरणार? ईदच्या आठवड्यातील गल्ला पाहून कोणी दुकानदार वर्षाचे भाडे ठरवत नाही. सोसायटीत बसल्यावर तोच माणूस हे का विसरतो, कळत नाही. पावतीपुस्तकावर हिजरी साल लिहिले तरी फरक लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट जकातीची. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार आहेत. वसुली करणारे त्यात आहेत. पण त्यांच्या आडून ऑफिसचे भाडे आणि चहापान जकातीतून भागवणे आम्हाला पटत नाही, मुफ्ती साहेबांना विचारल्याशिवाय तर नाहीच. मग हा खर्च वर्गणीतूनच. भाडे महिना ३,००० म्हणजे वर्षाचे ३६,०००. लाइट बिल, छपाई, ऑडिट फी मिळून १८,०००. झाले ५४,०००. बँकेत लाख रुपये असूनही ही सोसायटी ४,००० रुपयांनी तोट्यात आहे, आणि जमा-खर्च एकाच रकान्यात लिहिला तर ते कोणालाच दिसत नाही.

म्हणून जकात, सदका आणि वर्गणी यांची खाती वेगळी ठेवावीत. ३१ मार्चला न वाटलेली जकात नफा म्हणून न दाखवता ताळेबंदात स्वतंत्र फंड म्हणून दाखवावी. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे परिशिष्ट ८ (ताळेबंद) व ९ (जमा-खर्च) द्यावे लागते. ऑडिटरकडे जाण्यापूर्वीच ही विभागणी करून न्यावी.