तंबोरा लंडनहून पॅरिसला नेताना

प्रश्न : लंडनमधील मैफलीनंतर पॅरिसला गायचे असल्यास ब्रेक्झिटमुळे काय बदलले? – एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : भारतीय गायकाला दोन व्हिसे पूर्वीही लागत, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हते. खरा फटका बसला तो ब्रिटिश पारपत्र असलेल्या तिथल्या मराठी तबलजीला. त्याला आता १८० दिवसांत ९० दिवसच शेंगेनमध्ये राहता येते आणि मानधनाच्या परवानगीचे नियम देशागणिक निराळे असतात. शिवाय २०२१ पासून मध्ये सीमाशुल्काची हद्द आल्याने पंढरपूरकडच्या भोपळ्याचा, मिरजेत घडलेला तंबोरा मालवाहतुकीने पाठवताना ‘कार्नेट’, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या वस्तूची शुल्कमुक्त पुस्तिका, जवळ असावी. ती भारतात फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते आणि तिच्यावर ही हद्द ओलांडताना दोन्ही बाजूंचे शिक्के आठवणीने घ्यावेत.