दानाच्या पैशाची गळती व तिचा बंदोबस्त

वर्गणी मागावयास निघालेल्या प्रत्येकास हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : आम्ही दिलेला रुपया दुष्काळग्रस्ताच्या हाती पोहोचतो कशावरून? हा प्रश्न कृपणपणाचा नव्हे. ज्याने कष्टाने पैसा मिळविला, त्याने तो विचारलाच पाहिजे. मात्र संशय आला म्हणून थैलीचे तोंड आवळणे हा त्यावर उपाय नव्हे. त्या योगे लबाडास शासन घडत नाही, उपाशी माणसास मात्र घडते. यास्तव गळती कोठे होते व ती कशाने थांबते, याचा विचार येथे दात्यांपुढे ठेवीत आहे.

प्रथम गळतीचे मूळ पाहू. बाजारात पैसा देणारा व माल घेणारा एकच असतो. माप कमी भरले तर तो तेथल्या तेथे भांडतो. दानधर्मात ही दोन माणसे निराळी होतात. लवळ्याचा दाता पैसा देतो, आणि धान्य वा चारा इंदापूर किंवा पुरंदरकडील कोरड्या गावी उतरतो. दात्यास माल दिसत नाही. घेणाऱ्यास भाव ठाऊक नसतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूविषयी तक्रार करण्याचा त्यास संकोच वाटतो. या दोघांमध्ये जी अंधारी जागा राहते, तीतच सारा अपहार घडतो.

गळतीच्या जागा मुख्यतः तीन. पहिली खरेदी : चढा भाव, हलका जिन्नस, कमी वजन. दुसरी यादी : मयताचे वा परगावी गेलेल्याचे नाव दाखल करणे, आणि ज्याची बोलण्याची ताकद नाही अशा खऱ्या गरजवंताचे नाव वगळणे. तिसरी वाटप : दिल्याची सही वा अंगठा घेऊन त्यातूनच काही भाग परत घेणे. पहिल्या प्रकारात निदान पावती तरी संशयास्पद असते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत कागद संपूर्ण निर्दोष असतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या प्रांतास हा विषय नवा नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणचे वर्तमान जमवून दुष्काळाची वृत्ते तयार केली व सरकारकडे धाडली. सरकारी अहवालास लोकांच्या तोंडच्या हकीगतीची जोड हवी, हे तत्त्व त्या पिढीने ओळखले होते. पुढे 1972 च्या मोठ्या अवर्षणात राज्यभर दुष्काळी कामे निघाली. 1973 च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे 50 लक्ष मजूर होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने निघालेल्या रोजगार हमी योजनेस 1977 च्या अधिनियमाने कायद्याचे बळ मिळाले व तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. अर्थात पगारदार, व्यापारी व वकील यांच्या खिशातूनच हा पैसा उभा राहिला. या योजनेने लक्षावधी घरांची चूल पेटती ठेवली. परंतु खोटी हजेरी व खोटी मापे हा रोगही तिच्या मागे लागला. 2012-13 च्या अवर्षणातील चारा छावण्यांची गोष्टही तशीच. जनावरांच्या संख्येवर अनुदान असल्यामुळे दावणीला किती व वहीत किती, हाच वादाचा विषय झाला, आणि तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

अशा प्रसंगी सामान्यतः आणखी एक सही, आणखी एक वही, आणखी एक तपासनीस असा उपाय योजतात. परंतु हिशेब तपासनीस कागद कागदाशी ताडून पाहतो. दस्तऐवज हजर आहे एवढ्यावरून त्यातील मजकूर खरा ठरत नाही, हे न्यायालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यास साक्षीदार लागतो. मदतीच्या कामी उत्तम साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे ज्याच्या नावे खर्च पडला तो मनुष्य.

राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोटकिराना या गावी डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने हेच करून दाखविले. सार्वजनिक कामांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचण्यात आले, आणि ज्यांच्या नावे मजुरी उचललेली होती ती माणसेच त्या नोंदी खोट्या असल्याचे सांगू लागली. या जनसुनवाईंतून माहितीच्या हक्काच्या मागणीस जोर आला. महाराष्ट्रात राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर 2002 चा कायदा झाला. पाठोपाठ 2005 चा केंद्रीय कायदा आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या 17 व्या कलमात ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे, असे बंधन घातले गेले.

परदेशचा दाखलाही असाच आहे. आफ्रिकेतील युगांडा देशात 1991 ते 1995 या काळात सरकारने प्राथमिक शाळांस विद्यार्थिसंख्येप्रमाणे दिलेल्या अनुदानापैकी सरासरीने शेकडा 13 च शाळांपर्यंत पोहोचत होते. पुढे रकमा वृत्तपत्रांत व शाळांच्या दारांवर जाहीर होऊ लागल्या आणि हे प्रमाण शेकडा 80 च्या वर गेले. सारे श्रेय प्रसिद्धीचेच काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. पण आपल्या वाट्याचा आकडा ज्यास ठाऊक नाही तो काय मागणार, हे उघड आहे.

अपहार केवळ खेड्यातील कारकुनाचाच, असाही समज नको. इराकमधील जनतेस अन्न-औषध मिळावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने चालविलेल्या तेलाच्या बदल्यात अन्न या योजनेची चौकशी पॉल व्होल्कर यांच्या समितीने केली. तिच्या 2005 च्या अहवालाप्रमाणे 2,000 हून अधिक कंपन्यांच्या व्यवहारांत इराकी राजवटीस बेकायदा रकमा पोहोचल्या होत्या. मोठे शिक्के म्हणजे सचोटीची हमी नव्हे.

हल्ली मदत थेट बँकेच्या खात्यात जमा करण्याची रीत पडली आहे. ती चांगली आहे; मधले अनेक हात त्यामुळे सुटतात. तथापि खाते खोट्या नावाची ओळख पटवू शकते, वगळलेल्या नावाची नाही. यादीतून सुटलेली विधवा कोणत्याही खात्यात दिसत नाही. ती केवळ गावाच्या सभेत दिसते.

यावरून समितीच्या कामास पुढील नियम लागू करावेत, असे माझे नम्र मत आहे :

1. प्रत्येक गावची यादी वाटपापूर्वी चावडीवर लावावी व मोठ्याने वाचावी. हरकतीस निदान तीन दिवस द्यावेत.

2. जिन्नस, भाव, वजन व प्रत्येक कुटुंबाचा वाटा वाटपाच्या जागी ठळक अक्षरांत लिहावा. तागडी सर्वांसमोर असावी.

3. खरेदी करणारा, यादी करणारा व वाटणारा ही माणसे निरनिराळी असावीत.

4. वाटपानंतर दुसऱ्या गावच्या दोन माणसांनी काही घरे, कोणतीही पूर्वसूचना न देता, पाहून यावीत. त्यांत यादीबाहेरची घरेही असावीत.

5. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे व त्याची मदत कोणत्याही कारणाने थांबवू नये.

दात्यांसही एक विनंती आहे. आमचा पै न् पै धान्यातच जावा, देखरेखीवर काही खर्चू नये, अशी अट पुष्कळ जण घालतात. तिचा हेतू थोर, परिणाम उलटा. कोणताही व्यापारी वखारीवर राखणदार ठेवतो व त्याचा पगार फुकट गेला असे मानीत नाही. तपासणीसाठी थोडी रक्कम नेमून द्यावी आणि तिचाही हिशेब मागावा. ज्यांना शक्य असेल त्यांनी एक दिवस मोडून वाटपाच्या गावी जावे, आणि वही पाहण्यापूर्वी माणसांशी बोलावे.

दानाचा हिशेब दात्यास देणे हे समितीचे कर्तव्य आहेच; परंतु तो आधी घेणाऱ्यास दिला असेल तरच दात्याने तो खरा मानावा. या अटीवर आपण मागाल तो कागद दाखविण्यास समितीने सदैव सिद्ध असावे, आणि या अटीवरच सढळ हाताने मदत करावी, ही आपणा सर्वांस विनंती.