घरचे काम, घरच्यांचे काम

शास्त्रवाचन : निर्गम १८:१३-२३, लूक १०:३८-४२, योहान १३:१-१५



जयपूरच्या रेल्वे स्थानकापासून जवळच बनी पार्क ही वसाहत आहे. तेथील जुन्या ऐसपैस बंगल्यांपैकी कित्येकांची आता हॉटेले झाली आहेत, तर काहींच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आहेत. मोठ्या बंगल्यांच्या मागच्या अंगाला नोकरमाणसांसाठी खोली असे. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत तशी खोली नसते आणि तसे माणूसही नसते. काम मात्र पूर्वीइतकेच असते.

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे गेलेले एक कुटुंब आपण डोळ्यांसमोर आणू. पती-पत्नी दोघेही कामावर जातात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. सासू-सासरे आणि आईवडील रात्रभराच्या रेल्वेप्रवासापलीकडे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून पहाटे उठून ते भरावे लागते. उन्हाळ्यात कूलरची टाकी भरावी लागते. मे-जूनमध्ये एखाद्या संध्याकाळी आंधी येते आणि सकाळीच पुसलेल्या लादीवर, अंथरुणावर, भांड्यांवर धुळीचा थर बसतो. धुणीभांडी करणारी बाई तासाभरासाठी येते. ती आली नाही तर ओटा रात्रीपर्यंत तसाच राहतो. अशातच गावाकडून निरोप येतो : “ओळखीची एक बारा वर्षांची मुलगी आहे. घरची फार गरिबी. तुमच्याकडे राहील, कामाला हातभार लावील. पाठवू का?”

या घराने काय उत्तर द्यावे? हा प्रश्न एकट्या बनी पार्कमधील घराचा नाही. पुणे, नागपूर, बडोदे, इंदूर येथील आपल्या अनेक घरांत तो विचारला जातो. म्हणून या पाठात त्याचा क्रमाने विचार करू.

१. ओझे कोणावर पडते?

लूककृत शुभवर्तमानातील मार्थेची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. बहुतेक वेळा तिच्यावर ठपका ठेवूनच ती सांगितली जाते. पण मार्थेची तक्रार नीट वाचा. काम आहे, एवढेच तिचे म्हणणे नाही. काम आपल्या एकटीवर पडले आहे, हे तिचे दुःख आहे. प्रभूने तिला नावाने दोनदा हाक मारली, तिची चिंता आणि दगदग ओळखली, आणि मरीयेचे ऐकण्याचे स्थान हिरावून घेण्यास नकार दिला. ऐकण्याची ही जागा मार्थेलाही मोकळी होती. आपल्या घरात आईला ती जागा कधी मिळते? कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी कुकरच्या शिट्या मोजत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहणारी आई आपण सर्वांनी पाहिली आहे.

भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसभरातील वेळेची पाहणी केली. तीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घरच्यांसाठी बिनमोल काम करतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काही ना काही काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात ८१ होते. पुरुषांचे केवळ २६. २०२४ च्या पाहणीतही स्त्रियांची २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे निघाली. या आकडेवारीत ख्रिस्ती घरे वेगळी काढलेली नाहीत. आपले घर त्यात वेगळे दिसले असते का, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे ठरवावे.

येथे नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्‍गुणी स्त्रीचाही उल्लेख केला पाहिजे. मातृदिनाच्या उपदेशात तिचे उदाहरण हमखास येते. पण पंधराव्या वचनात तिच्या दासींचा उल्लेख आहे, हे सहसा सांगितले जात नाही. ती एवढे सारे करी, कारण तिच्या हाताखाली माणसे होती. ज्या आईच्या हाताखाली कोणी नाही, तिला त्या मापाने मोजणे न्यायाचे नव्हे.

२. इथ्रोचा सल्ला

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे. सासरा इथ्रो याने ते पाहिले आणि स्पष्ट सांगितले की हे ठीक नाही. याने तूही झिजशील आणि लोकही. मग त्याने तीन गोष्टी सुचविल्या : योग्य माणसे निवड, त्यांना शिकव, आणि लहान कामे त्यांच्यावर खरोखर सोपव. यातील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण असते. पुष्कळ घरांत काम वाटून दिले जाते, पण देखरेखीचा भार आईवरच राहतो. पाणी भरले का, दूध तापवले का, डबे घेतले का, हे तिलाच विचारीत बसावे लागते. हे अर्धेच वाटप झाले. ज्याच्याकडे काम आहे, त्याच्याकडेच त्याची आठवणही असली पाहिजे.

प्रारंभ असा करावा. आठवडाभर घरातील प्रत्येक काम कागदावर लिहावे. डाळ-तांदूळ निवडण्यापासून शाळेच्या बुटांना पॉलिश करण्यापर्यंत. शनिवारी सर्वांनी मिळून ती यादी वाचावी. यादीची लांबी पाहूनच घरातील काहींचे डोळे उघडतील. मग प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न विचारावेत : हे रोज केलेच पाहिजे का? हे कमी वेळा चालेल का? हे सोडून देता येईल का? जेवण, पाणी, स्वच्छ ओटा आणि मुलांची झोप यांत कसूर नको. पण चादरींना इस्त्री नसली तर काही बिघडत नाही. आंधी येऊन गेल्यावर त्याच रात्री सारे घर धुऊन काढण्याची गरज नाही. अंथरुणे झटकावीत, ओटा व पिण्याच्या पाण्याची भांडी स्वच्छ करावीत, बाकीचे दुसऱ्या दिवशी पाहावे. रविवारच्या भाजीची निवडटिपण आणि उपासनेचे कपडे शनिवारी संध्याकाळीच तयार असले, तर प्रभूच्या दिवसाची सकाळ ओरडण्यात जात नाही.

३. कमरेला बांधलेला रुमाल

पाय धुणे हे त्या काळी घरातील चाकराचे काम होते. वरच्या माडीवर चाकर नव्हता आणि शिष्यांपैकी कोणी उठला नाही. तेव्हा प्रभू स्वतः उठला, त्याने रुमाल कमरेला बांधला आणि गंगाळात पाणी ओतले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर त्याने थकून आलेल्या शिष्यांसाठी विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेवली (योहान २१:९). ज्यांचा गुरू असा, त्यांना भांडी विसळण्यात कमीपणा वाटावा कसा?

म्हणून पित्याने “मदत” हा शब्द सोडावा. मदत दुसऱ्याच्या कामात करावयाची असते. हे तर त्याचे स्वतःचे घर आहे. पहाटेचे पाणी, रात्रीची भांडी, बाजारहाट अशी दोन-तीन कामे त्याने पूर्णपणे आपल्याकडे घ्यावीत. आईनेही एक संयम पाळावा. पतीने घातलेल्या घड्या वेड्यावाकड्या आहेत म्हणून त्या पुन्हा घालू नयेत. आणि ज्या घरात आई किंवा वडील एकटेच आहेत, त्या घराकडे मंडळीने लक्ष द्यावे, एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा (गलती. ६:२) डबा पोहोचविण्यानेही पाळता येते.

४. मुलांचा वाटा

सहा वर्षांचा मुलगा चपला जागेवर ठेवील, पाण्याच्या बाटल्या भरील, हिवाळ्यात मटार सोलील. अकरा वर्षांची मुलगी कणीक मळील, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालील. पण येथे सावध असावे. मुलीला कणीक आणि मुलाला मोकळीक, अशी वाटणी नको. मुलगा अकरा वर्षांचा झाला की कणीक त्यानेही मळावी. गॅस, गरम तेल आणि विजेची उपकरणे मोठ्यांच्या देखरेखीखालीच असावीत. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याचे काम मोठ्यांचे; तसेच टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदास होत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात आश्रय दिलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अक्षरओळखीबरोबर विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी अनेक कामे शिकविली. हाताला काम देणे हा त्यांच्या दृष्टीने शिक्षणाचाच भाग होता. आपल्या मुलांच्या बाबतीतही हेच सूत्र ठेवावे. कामाने शाळा, खेळ आणि झोप बुडाली, तर ते शिक्षण राहत नाही.

५. गावाकडची मुलगी

आता त्या निरोपाकडे वळू. “आपण तिला खाऊपिऊ घालू, शाळेतही घालू” असे आपण मनाशी म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेपणाने म्हणतो. पण तिला बोलावण्याचे कारण तिची शाळा नसून आपला ओटा आहे. आपली मुलगी सात वाजता उठते आणि तिच्याच वयाची ही मुलगी पाच वाजता पाण्याला उठते, असे झाले तर एका छपराखाली बालपणाची दोन मापे ठरतात. आपल्या मुलांनाही त्यातून एक धडा मिळतो, तो रविवारच्या शाळेत पुसता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्व व्यवसायांना लागू झाली. शाळेनंतर स्वतःच्या कुटुंबाला हातभार लावण्याची मुभा त्यात आहे. परक्याच्या घरी राबण्याची नाही. त्या कुटुंबाची गरिबी खरी असेल, तर मुलीला तिच्या आईपाशी राहू द्यावे आणि तिच्या वह्यापुस्तकांचा, फीचा खर्च आपण पाठवावा. ज्याला तिचे भले करावयाचे आहे, त्याला हा मार्ग मोकळा आहे.

६. तासाभरासाठी येणारी बाई

तिच्याही घरी ओटा आहे आणि मुले आहेत. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे शास्त्र सांगते (अनुवाद २४:१४-१५). आणि विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत दासदासींनाही आपल्यासारखाच विसावा मिळावा, असे कारण दिले आहे (अनुवाद ५:१४). राजस्थान शासनाने २०१६ साली घरकामगारांसाठी किमान वेतन ठरविले. महाराष्ट्राने २००८ साली त्यांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला. ठरल्या तारखेला पूर्ण पगार, आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाच्या दिवसांची कपात न करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. ती न आल्यास घर कोलमडत असेल, तर दोष तिच्या खाड्याचा नव्हे, आपल्या वाटणीचा आहे.

मननासाठी प्रश्न

१) आपल्या घरात प्रार्थनेच्या वेळी कोण उभे असते आणि कोण बसलेले असते?
२) कोणते काम माझ्याकडे असूनही त्याची आठवण दुसऱ्याला करून द्यावी लागते?
३) आपल्या मुलग्यांना आणि मुलींना सारखीच कामे दिली जातात का?
४) आपल्या घरी काम करणाऱ्या व्यक्तीला या महिन्यात किती सुट्ट्या मिळाल्या?

या शनिवारी रात्री भांडी आवरल्यावर सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. यादी काढावी, योहान १३:१-१५ वाचावे, आणि प्रत्येकाने स्वतःहून एक काम निवडून त्यापुढे आपले नाव लिहावे. आईचे नाव सर्वांत शेवटी, उरलेल्या कामांपुढे लिहावे. आणि तिच्या वाट्याला अजूनही फार उरले असेल, तर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचावी.