पाय बसवल्यानंतर



कृत्रिम पाय दिला की काम संपले, असे आपल्याला वाटते. पाड्यांवर मी वेगळेच पाहते. बुटाशिवाय न चालणारा पाय भातखाचरात निरुपयोगी. तो खुंटीला टांगलेला दिसतो. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास घडवलेला रबरी ‘जयपूर फूट’ अनवाणी, चिखलातही चालतो.

पण पहिल्या काही महिन्यांत पायाचा उरलेला भाग आक्रसतो, सॉकेट सैल होते, कातडी सोलते. एक मावशी म्हणाल्या, “ताई, पाय चांगला हाय, पन घासतो.” सॉकेट बदलल्यावर त्या पुन्हा लावणीला उतरल्या.

म्हणून भेटीला जाल तेव्हा विचारा: कातडी रोज धुऊन कोरडी करता का? कुठे लाली, फोड? आणि देणगी देताना त्यांच्या दुसऱ्या फेरीचे गाडीभाडेही धरा.