आमिष कोणासाठीं?

उंदराच्या पिंजऱ्यांत भाकरीचा तुकडा लावणें हें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु आमिष निवडणें हीहि एक जबाबदारी आहे, हें आम्ही येथें एका दूरच्या धंद्यावरून दाखवूं इच्छितों.

कॅनडा व अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें यांत केसाळ कातड्यांसाठीं प्राणी धरण्याचा धंदा जुना आहे. इ. स. १६७० मध्यें स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांवर वाढली. आज हा धंदा परवाना, हंगाम व नियम यांनीं बांधलेला आहे.

सापळ्यापाशीं खाद्य ठेवतात, किंवा केवळ गंध. खाद्य भुकेल्यास ओढतें. गंध कुतूहल जागवितो. बीव्हर नदीकांठीं चिखलाचे ढीग रचून त्यांवर आपल्या शेपटीजवळील पिशव्यांतला कॅस्टोरियम नांवाचा द्रव सोडतो. ती त्याची हद्दीची खूण होय. परक्याचा गंध येतांच तो चौकशीस येतो. म्हणून त्याच्यासाठीं हाच द्रव किंवा ॲस्पेनची ताजी फांदी वापरतात. तो शाकाहारी असल्यामुळें मांसाचा तेथें उपयोग नाहीं.

परंतु आमिष सर्वांसच हांक मारतें. उघड्यावर मांस ठेवल्यास गरुड आकाशांतून तें पाहतो आणि सापळ्यांत पाय अडकवून घेतो. यास्तव अनेक संस्थानांत मांस झांकून ठेवण्याचा नियम आहे. रॅकूनसाठीं मासळी ठेवली तर शेजारचें मांजरहि येतें. म्हणून जाणते लोक गोड पदार्थ पसंत करतात, आणि तोहि अशा अरुंद नळीच्या सापळ्यांत ठेवतात कीं जेथें रॅकूनचा हात पोंचतो, कुत्र्याचा पंजा सहसा पोंचत नाहीं. शिवाय ते सापळे वरचेवर पाहतात, म्हणजे अडकलेला प्राणी ताटकळत राहत नाहीं.

आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापळा लावणें व आमिष दाखविणें यांसहि शिकार म्हटलें आहे. तेव्हां हा धडा अनुकरणासाठीं नव्हे, विचारासाठीं आहे. तो घरांतहि उपयोगी पडतो. उंदरांसाठीं विषारी गोळी ठेवण्यापूर्वीं ती आणखी कोण उचलील, हें पाहावें. घरांतील रांगतें मूल ती तोंडांत घालील. विष खाल्लेला उंदीर अंगणांत आला तर घुबड त्यास नेईल, आणि तेंच विष त्याच्याहि पोटांत जाईल. जें घुबड आपल्या शेतांतील उंदीर फुकट मारतें, त्यासच आपण मारून बसूं. त्यापेक्षां साधा पिंजरा बरा, आणि धान्याची कणगी नीट झांकलेली असणें त्याहून बरें.